मास्तरांचं खातं कुणी काढलं?

१

सकाळी साडेनऊला वहिनीचा फोन आला तेव्हा मी शेजारणीने आणून दिलेल्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसले होते.

"वन्सं, असाल तशा या," ती म्हणाली. "मास्तर गेले."

माझ्या हातातलं पेनच गळालं. "गेले? कधी? कशाने?"

"अहो, घरी गेले! ॲप्रन, रापी, आरी, सगळी हत्यारं गुंडाळून घेऊन गेले."

"मग तसं म्हण ना, बाई! सकाळी सकाळी नुसतं 'गेले' काय म्हणतेस? माझा जीव गेला असता."

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेतला, आणि निवृत्त झाल्यावर तेच काम फुकट करते. शब्द कसेही फेकणाऱ्या माणसांचा मला राग येतो आणि आमच्या घरात तशी माणसं भरपूर आहेत. तेव्हा रिक्षात बसेपर्यंत मी वहिनीवर आणखी थोडा राग काढला आणि निघाले.

माझ्या धाकट्या भावाचं बुटांचं दुकान आहे. साधंसुधं नाही. कारखान्यातला कुठलाच बूट ज्यांना होत नाही असे पाय तिथे येतात. एक लहान एक मोठा, आत वळलेले, सुजलेले, बोटांवर बोटं चढलेले. पुढे दुकान, मागे काम करायची जागा, वर घर. मास्तर तिथे एकतीस वर्षं आहेत. पायाला नुसता हात लावून ते सांगतात कुठे दुखतं, कधीपासून दुखतं आणि बूट कुठे सूतभर सैल करायचा. मालक माझा भाऊ, पण सगळी दुनिया त्याला 'मास्तरांचं दुकान' म्हणते आणि भावाला त्याचं कधी वाईट वाटलेलं नाही.

गेल्या वर्षी भावाने दुकानात कॉम्प्युटर घेतला. त्या दिवशी फोनवर स्वारीचा आवाज नुसता उतू चालला होता. "ताई, एका दिवसात सहा खाती काढली! प्रत्येकाचं वेगळं. शिलाईबाईंचंसुद्धा!" चालू केला की स्क्रीनवर सहा गोल यायचे, प्रत्येकात एक नाव. आपल्या नावावर दाबायचं, पासवर्ड घालायचा आणि आपल्यापुरतं दिसायचं. भाऊ आणि वहिनी यांची खाती मालकांची, त्यांना सगळे अधिकार. बाकी चौघांना आपापल्या कामापुरते.

मास्तरांनी आपल्या खात्यात आठ महिने खपून तीनशे बारा पाय उतरवले होते. जुने पाय तपकिरी कागदांवर पेन्सिलीने काढलेले होते आणि त्या कागदांना कसर लागली होती. एकेक कागद समोर धरायचा, त्याचा फोटो घ्यायचा, आठवायचं, एका बोटाने टाइप करायचं, की तो कागद केरात. आता ते पाय फक्त मास्तरांच्या फोल्डरमध्ये होते.

आणि आज नऊ वाजता मास्तरांनी कॉम्प्युटर चालू केला तर गोल पाचच. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजले. पाचच. त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"मग काय म्हणाले?" मी दुकानात पोचल्या पोचल्या विचारलं.

"काही नाही हो," वहिनी पदराने डोळे टिपत म्हणाली. "दारात थांबले. म्हणाले, 'तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं.' दोनच्या बसने लेकीकडे चाललेत. कायमचे."

भाऊ चामड्याच्या प्रदर्शनाला परगावी गेला होता. आज तीनला यायचा होता आणि सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. म्हणजे भाऊ यायच्या तासभर आधीच मास्तर गाव सोडून जाणार. एकदा गाव सोडलं की त्यांना पुन्हा इथे आणणं कुणालाच शक्य नव्हतं, मास्तर तसे मानी.

मी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते. मग सहज दरवाज्याच्या वर नजर गेली. चार खिळे होते आणि खाली भिंतीचा फिकट चौकोन. दुकानाची पाटी नव्हती.

२

"पाटी कुठेय गं?"

वहिनीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "रंगवायला दिलीय."

"कुणी?"

"मीच. म्हणजे ह्यांनी सांगितलं. 'मी नसताना उतरवून रंगाऱ्याकडे पाठव, मास्तरांना काही बोलू नकोस.' मी काल संध्याकाळी पाठवली."

"आणि 'का' म्हणून विचारलं नाहीस?"

"वन्सं, तुमच्या भावाला 'का' विचारून कधी उत्तर मिळालंय का? तुम्हाला तरी?"

माझ्या भावाला लहानपणापासून गुपितांचा सोस. सात वर्षांचा असताना माझ्या वाढदिवसाची भेट त्याने इतकी छान लपवली, की ती आम्हाला तीन वर्षांनी माळा साफ करताना सापडली. लोकरीची टोपी होती. तोवर माझं डोकं मोठं झालं होतं.

"बरं, मला सांग," मी म्हटलं, "स्क्रीनवरून दुसऱ्याचं नाव घालवणं कुणाला जमतं?"

"फक्त मालकांच्या खात्यातून. छोटीने बजावलं होतं सगळ्यांना, की बाकीच्यांना एकमेकांचं काही बघताही येत नाही आणि बदलताही येत नाही."

छोटी म्हणजे त्यांची मुलगी. वय एकवीस, उंची माझ्यापेक्षा वीतभर जास्त, पण नाव पडलं ते पडलं.

"म्हणजे तुझा नवरा नाहीतर तू."

"अगंबाई!" वहिनीने कपाळाला हात लावला. "मला माझा पासवर्ड आठवत असता तर अजून काय हवं होतं! दिवाणखान्यातल्या घड्याळामागे चिकटवला होता, घड्याळ दुरुस्तीला गेलं आणि त्याच्याबरोबर तोही गेला. चार महिने मी त्या यंत्राकडे बघितलेलं नाही."

मी तिला करून दाखवायला लावलं. तिने आपल्या नावावर दाबलं. तिथे लिहून आलं, शेवटचा वापर चार महिन्यांपूर्वी. भावाच्या गोलाखालची ओळ मात्र मी दोनदा वाचली. शेवटचा वापर काल संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.

काल संध्याकाळी सहाला भाऊ परगावी होता. कुणीतरी त्याच्या नावाने आत शिरलं होतं.

वहिनीला पाणी प्यायला सांगून मी मागे कामाच्या जागेत गेले आणि दारातच थबकले. खिडकीपाशी, जिथे एकतीस वर्षं मास्तरांचं टेबल होतं, तिथे टेबल नव्हतंच. त्या जागी एक लाकडी खोका होता आणि त्यावर पॉलिशचे सात डबे ओळीने मांडलेले.

३

पॉलिशचे डबे बक्कलचे. बक्कल म्हणजे तिशीतला उंच, हाडकुळा कारागीर. पट्टे, बकलं आणि चकाकी हे त्याचं खातं. स्वभावाने गरीब, पण जागेचा लोभी. खिडकीतल्या उजेडावर त्याचा गेली सहा वर्षं डोळा होता.

"वा!" मी म्हटलं. "माणूस उठून तास झाला नाही, तोवर संसार मांडलास की."

त्याच्या हातातला ब्रश थांबला. "ताई, देवाशप्पथ, तसं नाही. मालकांनीच सांगितलं. काल मास्तर घरी गेल्यावर त्यांचं टेबल उचलायचं आणि आत ठेवायचं. मास्तरांना आधी बोलायचं नाही."

"पुन्हा तेच!"

"काय?"

"काही नाही. आणि डबे ठेवायलाही मालकांनीच सांगितलं का?"

बक्कल लाजला. "ते माझंच. उजेड वाया चालला होता."

"सकाळी मास्तरांनी टेबल कुठेय विचारलं असेल ना?"

"विचारलं. मी म्हटलं, 'मालक आल्यावर बोलतील.' मग ते तसेच कॉम्प्युटरकडे गेले." बक्कलने नाक ओढलं. "ताई, मला बकल लावायला त्यांनी शिकवलं. पहिलं बकल उलटं लावलं होतं मी. त्यांनी गिऱ्हाइकासमोर ते स्वतःच्या अंगावर घेतलं."

तो रडेल अशी भीती वाटली म्हणून मी शिलाईबाईंकडे वळले. शिलाईबाई मशीनवर बसून टाके घालत होत्या आणि प्रत्येक टाक्यागणिक पुटपुटत होत्या. मास्तरांशी त्यांचं रोज वाजायचं. पंखा, रेडिओ, दोऱ्याचा रंग, काहीही चालायचं.

"माझ्याकडे असं बघू नका," त्या म्हणाल्या. "भांडायची मी. पण भांडायला माणूस लागतो ना समोर? आता काय ह्या बक्कलशी भांडू? तो लगेच रडतो."

"परवा कशावरून वाजलं होतं?"

"त्यांच्या त्या पायांवरून! मी म्हटलं, मला तुमच्या फोल्डरमध्ये बघू द्या, कुठल्या पायाला कुठे शिवण नको ते मला आधी कळेल. तर म्हणतात, 'बाई, माझ्या हातात नाही, मला तशी परवानगी देता येत नाही, मालकांना विचारा.' मी काय त्यांचे पाय खाणार होते? बघा, अजूनही तसंच आहे."

त्या तरातरा बाहेर गेल्या, स्वतःच्या नावावर दाबलं, पासवर्ड घातला आणि कुठेकुठे दाबत मास्तरांच्या नावाचा फोल्डर गाठला. स्क्रीनवर चौकट आली: 'तुम्हाला हा फोल्डर उघडण्याची परवानगी नाही.'

"बघितलंत? रोज हेच!"

मी ती चौकट वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"शिलाईबाई," मी म्हटलं, "अहो, परवानगी नाही म्हणतोय. 'फोल्डर नाही' म्हणत नाहीये. तुमच्या तोंडात साखर पडो, फोल्डर इथेच आहे!"

४

रिकाम्या खोलीला कुणी कुलूप लावत नाही. तीनशे बारा पाय जिवंत होते, फक्त बंद दाराआड. ज्याने मास्तरांचं नाव स्क्रीनवरून घालवलं, त्याने त्यांचं काम मात्र हात न लावता सांभाळून ठेवलं होतं. मास्तरांच्या वाइटावर असलेला माणूस असं करत नाही. त्यांच्यावर जीव असलेलाच करतो.

आणि हे करणाऱ्याला माझ्या भावाचा पासवर्ड ठाऊक होता. वहिनीला तिचाच आठवत नाही. बक्कल आणि शिलाईबाई आपापल्या चौकटीपलीकडे जाऊ शकत नाहीत. मग ज्या हातांनी सगळ्यांचे पासवर्ड पहिल्यांदा घातले ते हात कुणाचे?

"वहिनी, छोटी कुठेय?"

"वरच आहे. सकाळपासून खाली उतरली नाही. डोकं दुखतंय म्हणाली."

मी जिना चढले. छोटी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे असे सुजलेले, की डोकेदुखीवर मी मुळीच विश्वास ठेवला नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "किती वेळ रडलीस?"

"मी रडले नाहीये."

"बरं. किती वेळ रडली नाहीस?"

ती उठून बसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागली. मी तिला रडू दिलं. या मुलीचा उजवा पाय जन्मतः आत वळलेला होता. मास्तरांनी तिला दर चार महिन्यांनी नवा बूट केला, नऊ वर्षं. आज ती जिना दोन-दोन पायऱ्या चढते. वाढदिवसाला ती आधी मास्तरांच्या पाया पडते, मग आईबापांच्या, आणि त्यावरून घरात कुणी कुरकुरत नाही.

"आत्या, मीच केलं," ती शेवटी म्हणाली. "त्यांचं अकाउंट मीच बनवलं होतं आणि मीच काल उडवलं. कॉम्प्युटरने विचारलं, फाइल्सही उडवू का? मी 'ठेव' म्हटलं. तेवढंच माझ्या हातात होतं. पण मी बाबांशी आता कधीच बोलणार नाहीये."

"बाबांचा काय संबंध?"

तिने फोनच्या कव्हरमधून घडी घातलेली चिठ्ठी काढली. बुटाच्या मापाच्या कागदाचा तुकडा, त्यावर माझ्या भावाचं गिचमिड अक्षर.

'छोटे, मास्तरांचं खातं काढ. मी यायच्या आत. त्यांना सांगू नकोस.'

मी पलंगावर बसले. पाटी. टेबल. खातं. आणि तिन्ही ठिकाणी 'मास्तरांना सांगू नकोस.' माझ्या भावाने एकतीस वर्षांच्या माणसाला चिठ्ठीने कामावरून काढलं होतं, आणि तेही स्वतःच्या लेकीच्या हातून.

५

मी पाय आपटत जिना उतरले. भाऊ समोर असता तर त्याचे कान पिळले असते, साठीला टेकलेला असला तरी. तो नव्हता, म्हणून निदान त्याच्या खुर्चीला तरी चार गोष्टी सुनवाव्यात असं ठरवून मी त्याच्या आतल्या खोलीचं दार ढकललं.

तिथे दोन टेबलं होती.

एक भावाचं. दुसरं मास्तरांचं, तेच, कडेला रापीने पडलेल्या खाचांसकट. बक्कल म्हणाला होता, 'आत ठेवलं.' मी समजले, अडगळीत ठेवलं. पण टेबल भावाच्या टेबलाला खेटून, अगदी बरोबरीने लावलेलं होतं. त्यावर नवा दिवा. मागे नवी खुर्ची, प्लास्टिकचं वेष्टण अजून न फाडलेलं.

ज्याला काढायचं त्याच्यासाठी कुणी नवी खुर्ची आणतं का?

मी नव्या खुर्चीवर टेकले आणि चिठ्ठी पुन्हा समोर धरली. इतका वेळ ती मी बहीण म्हणून वाचली होती. आता मुद्रितशोधक म्हणून वाचली. एकेका शब्दावर बोट ठेवून. मास्तरांचं. खातं. काढ.

"छोटे!" मी ओरडले. "खाली ये, पळत!"

ती आली. मागे वहिनी, बक्कल, शिलाईबाई सगळेच आले.

"मला एक सांग. तुझ्या आजोबांनी मी दहा वर्षांची असताना पोस्टात माझं खातं काढलं. म्हणजे त्यांनी काय केलं?"

छोटीने नाक पुसलं. "बंद केलं?"

"अगं उघडलं!" शिलाईबाई आणि वहिनी एकदमच म्हणाल्या.

छोटीचा चेहरा असा झाला, की मला तिची दया आली आणि हसूही आलं.

"पण काढ म्हणजे... काढून टाक ना?"

"तुमच्यात. तुम्ही अकाउंट बनवता आणि उडवता. आम्ही खातं काढतो आणि बंद करतो. तुझा बाप आमच्यातला. गेल्या वर्षी मला फोनवर काय म्हणाला होता? 'एका दिवसात सहा खाती काढली.' काढून टाकली असती तर फोन कशाला केला असता?"

"पण आत्या, मास्तरकाकांचं अकाउंट तर होतंच! असलेलं पुन्हा कशाला उघडायचं? म्हणूनच तर मला वाटलं..."

"होतं ते कामगाराचं. आपल्यापुरतं बघायचं, दुसऱ्याला परवानगी द्यायची नाही, असलं. त्याच खात्याचे अधिकार वाढवता येतात का?"

"एका मिनिटात. नुसती एक खूण बदलायची असते."

"हे तुला ठाऊक. तुझ्या बापाला ठाऊक असेल असं वाटतं तुला? त्याच्या डोक्यात मालकाचं खातं म्हणजे नवंच खातं. टेबल मालकाशेजारी, खातं मालकांच्यात. आता फक्त पाटी राहिली."

मी रंगाऱ्याला फोन लावला. वहिनीकडे नंबर होता.

"झाली आहे हो पाटी, वाळतेय," रंगारी म्हणाला. "मालकांनी लिहून दिलं होतं तसंच केलंय. वर दुकानाचं नाव, खाली त्यांचं, आणि त्याच्या शेजारी 'आणि मास्तर'. बरं झालं फोन केलात. तुम्हीच त्या छापखान्यातल्या ताई ना? 'आणि'तला णि ऱ्हस्वच ना?"

"ऱ्हस्वच, बाबा, ऱ्हस्वच," मी म्हटलं.

बक्कल कोपऱ्यात खरोखरच रडत होता. शिलाईबाईंनी त्याला आपल्या कामाचं फडकं दिलं. वहिनी म्हणाली, "म्हणजे ह्यांनी मास्तरांना भागीदार करायचं ठरवलं आणि आम्हाला प्रत्येकाला एकेक तुकडा दिला! थांबा, येऊ दे घरी."

गिऱ्हाइकं सांभाळत, एकेकाला विचारत चार तास गेले होते; भिंतीवरच्या घड्याळात एक पन्नास झाले होते.

६

छोटी माझ्यासाठी थांबलीच नाही. ती पळाली. मी रिक्षाने गेले तरी ती माझ्या आधी थांब्यावर पोचली होती आणि बस फलाटावर लागलेली होती. मास्तर रांगेत दुसरे होते, एका हातात पिशवी, काखेत ॲप्रनमध्ये गुंडाळलेली हत्यारं. छोटी त्यांच्यासमोर धापा टाकत उभी होती.

मास्तर तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या पायांकडे बघत होते.

"पळत आलीस?" त्यांनी विचारलं.

तिने मान हलवली.

"एवढं लांब? टाच घासली का कुठे?"

"नाही."

"बघू," म्हणाले आणि रांगेतून बाहेर येऊन, भर थांब्यावर, त्या सत्तरीच्या माणसाने खाली वाकून तिच्या बुटाची टाच चाचपली. त्यांच्या मागचा माणूस पुढे सरकला. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी जवळ गेले. त्यांची समजूत काढायला मी रिक्षात चांगलं मोठं भाषण जुळवलं होतं, पण ते बाजूला ठेवलं. मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. "मास्तर, हे वाचा. भावाने छोटीला लिहून ठेवलं होतं."

त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचलं. "'छोटे, मास्तरांचं खातं काढ.' काढ म्हणजे? आहे की माझं खातं. मालकांना दुसरं कशाला काढून हवंय?"

छोटीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. मास्तरांना चिठ्ठीत 'काढून टाक' दिसलंच नव्हतं. मग मात्र मी सगळं सांगितलं, टेबल, खुर्ची, पाटी, 'आणि'तला ऱ्हस्व णि. मास्तर ऐकत राहिले. बस सुटली. कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि आमच्यातल्या कुणीही तिकडे वळून पाहिलं नाही.

"मला असं कसं वाटलं बघा," ते हळूच म्हणाले. "एकतीस वर्षांत मालक मला कधी 'अरे' म्हणाले नाहीत. आणि एका सकाळी मी त्यांच्याबद्दल एवढं वाईट मानलं. लाज वाटते, ताई."

"लाज त्याला वाटू दे," मी म्हटलं. "चला."

तीन वाजता भाऊ हातात सामान घेऊन, चोरपावलांनी, चेहऱ्यावर गुपित घेऊन दुकानात शिरला तेव्हा मास्तर नव्या खुर्चीवर बसलेले होते, वेष्टण फाडलेलं होतं आणि आम्ही सगळे चहा पीत होतो. त्याचा चेहरा एवढासा झाला. "कुणी सांगितलं?"

"तूच सांगितलंस," मी म्हटलं. "प्रत्येकाला थोडं थोडं."

पुढची दहा मिनिटं वहिनी त्याच्याशी काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. तो निमूटपणे ऐकून घेत होता आणि मधूनमधून मास्तरांकडे बघून ओशाळं हसत होता. शेवटी त्याने मास्तरांचे दोन्ही हात धरले, आणि दोघांनाही काही बोलता आलं नाही. ते बरंच झालं. माझ्या भावाने अशा वेळी शब्द न वापरलेलेच बरे.

मग छोटीने कॉम्प्युटर मास्तरांसमोर आणला. नाव पुन्हा घातलं, जुना फोल्डर त्यांच्या ताब्यात दिला, अधिकारांच्या रकान्यात 'मालक' अशी खूण केली. सहा गोल पुन्हा जागच्या जागी आले.

"आता सगळे अधिकार?" मास्तरांनी विचारलं.

"सगळे."

"मग हे सगळ्यांना दिसू दे. आधी शिलाईबाईंना." त्यांनी एका बोटाने, सावकाश, एकेका नावापुढे परवानगीची खूण केली. बक्कल. छोटी. शिलाईबाई मागून म्हणाल्या, "एवढ्यासाठी भागीदार व्हावं लागलं होय!" आणि लगेच पदर डोळ्यांना लावला.

फोल्डर उघडला. तीनशे बारा पायांतला पहिला पाय वर आला. एका इवल्या, आत वळलेल्या पावलाचं चित्र आणि खाली मास्तरांची एका बोटाने लिहिलेली ओळ: 'छोटी, अकरा महिने. उजवा. बूट आतून उंच. ही पळणार.'

छोटीने ती ओळ वाचली. मग तिचा बांध फुटला.

"मास्तरकाका, आणि मी तुमचं नाव काढलं हो!"

मास्तरांनी तिच्या बुटांकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"काढलंसच," ते म्हणाले. "नाव काढलंस, पोरी, माझं."

चाळीस वर्षं मी वाक्यं तपासली, पण त्या वाक्यात मला एकही चूक काढावीशी वाटली नाही.